ओळखीचा आवाज

माझ्या नवऱ्याचं माझ्या आवाजावर जिवापाड प्रेम आहे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला दुष्ट ठरवून मोकळे व्हाल. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं, चार लोकांत त्याच्या नावाने बोटं मोडली असती आणि सुटले असते.

प्रणीत जन्मापासून आंधळा. दृष्टिहीन म्हणा, दिव्यांग म्हणा, त्याला स्वतःला 'आंधळा' हाच शब्द पसंत. बाकीचे शब्द लोकांनी स्वतःच्या संकोचापायी काढलेत, असं तो म्हणतो. तो नागपुरात कायदा शिकत होता तेव्हा मी तिथेच बी.एड. करत होते आणि रविवारी एका संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जायचे. पुस्तक निवडायची सोय नव्हती. माझ्या वाट्याला कायदा आला. करार कायदा, पुरावा कायदा, मालमत्ता हस्तांतरण... अर्ध्याचा अर्थ कळत नव्हता, पण जीव तोडून वाचलं.

म्हणजे आमची ओळख व्हायच्या आधी दोन वर्षं हा मुलगा माझा आवाज ऐकत होता. कुठल्या प्रकरणात मला सर्दी झाली होती, कुठल्या कलमाला जांभई आवरली नव्हती, सगळं त्याला पाठ. एका कार्यक्रमात मी मागून "जरा सरकता का?" म्हणाले, तर हा वळून म्हणाला, "करार कायदा, प्रकरण दुसरं?" लोकांना प्रेमात पडायला चांदणं लागतं, याला 'संमती'ची व्याख्या पुरली. माझ्या घरी व्हायची ती आदळआपट झाली. आई-बाबा वर्षभर बोलत नव्हते. अमरावतीचा माझा दादा, शैलेश, तेवढा पाठीशी उभा राहिला. लग्नाचा सगळा भार त्यानेच उचलला आणि प्रणीतला स्कूटरवर मागे बसवून गावभर "हे आमचे जावई" म्हणून फिरवून आणलं.

तेव्हाही प्रणीत संगणकावर काम करायचाच. पडद्यावर जे असेल ते यंत्र बोलून दाखवायचं, पत्र्याचा डबा बडवावा तशा आवाजात, आणि इतकं भरभर की डोळस माणसाला ती नुसती किरकिर वाटावी. तुम्ही-आम्ही बोलतो मिनिटाला दीडशे शब्द, तो ऐकायचा चारशे. पाहुणे आले की मी त्याला ते लावायला सांगायचे आणि पाहुण्यांचे चेहरे बघत बसायचे.

पण वकिलीत चारशेला कोण विचारतो? डोळस माणूस पान नजरेखालून घालतो, नको ते सोडतो, हवं तिथे थांबतो. प्रणीतला एकेक ओळ ऐकावी लागायची. वकिलांच्या ज्या कंपनीत तो लागला होता, तिथे त्याला अशिलांचे फोन घ्यायला बसवलं होतं. वकिलीची सनद भिंतीवर आणि माणूस फोनवर.

मग दोन हजार अडतीस सालच्या उन्हाळ्यात 'श्रुतिवेग' आलं.

त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. ओळखीचं माणूस बोलतं तेव्हा आपला मेंदू सगळं ऐकत नाही. पहिली दोन-चार अक्षरं कानावर पडली की पुढचं तो स्वतःच रचतो आणि कानांकडून फक्त खातरजमा करून घेतो. आवाज जितका ओळखीचा, तितकी ही रचना अचूक. शिवाय जन्मांध माणसाच्या मेंदूत, एरवी बघण्यासाठी असतो तो भागही ऐकण्याच्या कामाला लागलेला असतो. श्रुतिवेगवाल्यांनी ही दोन टोकं जोडली. तुमच्या सगळ्यांत ओळखीच्या माणसाचा आवाज घ्यायचा आणि मेंदू आपणहून भरून काढू शकेल तेवढा सगळा भाग त्यातून कापून टाकायचा. कपाळाला एक पट्टी बांधायची, ती मेंदूतले तरंग मोजते आणि अजून किती कापता येईल ते यंत्राला कळवते. शेवटी उरतो तो आवाजाचा अर्क. शब्दाला अक्षर, कधी नुसता श्वास. मेंदू त्याचं अख्खं वाक्य करून घेतो. मिनिटाला दोन हजार शब्द.

ओळखीचा आवाज कुणाचा, हे विचारायलाच नको होतं. माझं तर शेकडो तासांचं रेकॉर्डिंग तयार होतं, त्यात पुन्हा लग्नाची नऊ वर्षं. मी हसत हसत संमती दिली. अहो, नवऱ्याला किडनी देतात बायका, मी तर नुसता आवाज देत होते, आणि तो माझ्याकडेही राहणारच होता.

आणि काय सांगू, सहा महिन्यांत माणूस बदलला. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत घरं-शेतं गेलेल्या गावांचा खटला कंपनीकडे पडून होता. कागदांची खोलीभर चळत, कुणी हात लावायला तयार नाही. प्रणीतने ती सगळी ऐकून काढली. मोजणीचे जुने नकाशे आणि नंतरचे दाखले यांत कुठे कुठे मेळ बसत नाही, हे तो तोंडपाठ सांगायला लागला. ज्यांनी त्याला फोनवर बसवलं होतं ते आता त्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे. तो भागीदार झाला तेव्हा मी अख्ख्या इमारतीत संत्रा बर्फी वाटली. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी माझे पाय जमिनीवर नव्हते.

घरातही आधी गंमतच वाटली. मी शाळेतून येऊन "अरे, आज ना—" म्हणायचा अवकाश, तो म्हणायचा, "मोठ्या बाईंनी परत झापलं ना?" आणि खरंच झापलेलं असायचं. मी मैत्रिणींना सांगायचे, बघा, आमच्याकडे बोलावंच लागत नाही. मैत्रिणी जळायच्या.

मग एकदा जेवताना मी भाजीवालीशी झालेलं भांडण सांगत होते. रंगात आले होते. प्रणीत घास चावता चावता म्हणाला, "वगळ."

यंत्राला तो तोंडीच हुकूम द्यायचा. थांब, पुढे, मागचं पुन्हा, वगळ. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी वरणाचा डाव हातात घेऊन तशीच उभी. आठवण करून दिली तेव्हा ओशाळला, "सवयीनं गेलं गं तोंडातून," म्हणाला. पण त्यानंतर मी बघत गेले. खालच्या मजल्यावरचे खोब्रागडे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, तीच तीच इंजिनाची गोष्ट सांगायचे आणि प्रणीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. माझ्या वाक्याचा मात्र शेंडा तेवढा धरायचा आणि उत्तर देऊन मोकळा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, म्हणून तक्रार कशी करावी तेही कळेना. शाळेत चाळीस पोरं माझं ऐकतात. घरी एक माणूस ऐकेना.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी दुपारी पल्लवी वहिनीचा फोन आला. ऐकून झाल्यावर मी भिंतीला धरत धरत प्रणीतच्या खोलीच्या दारात गेले. त्याने श्रुतिवेगची कानातली गुंडी काढली, पट्टी कपाळावरून वर सारली. माझं ऐकायलाच काढली, हे मला मुद्दाम सांगायचंय.

"अमरावतीहून फोन होता. दादाला—"

"हो, म्हणावं दिवाळीत नक्की येतो. या वेळी थाप नाही."

"प्रणीत, दादाला अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा वारला रे."

"अगं हो, कळलं ना मला." तो हसला. "आणि वहिनींना सांग, फराळाचा घाट घालू नका. चार दिवस नुसत्या गप्पा मारू." आणि त्याने गुंडी परत कानात घातली.

मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. मला वाटलं मी बोललेच नाही, मनातल्या मनात म्हटलं असेल. खोल्यांमधल्या बोळात जाऊन फरशीवर बसले. फोन वाजत होता, तो घ्यायलाही उठवेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दार वाजलं. प्रणीतनेच उघडलं. खोब्रागडे काका होते.

"वकीलसाहेब, लय वाईट झालं बापा. शैलेशभाऊ असे अचानक—"

"काय झालं दादांना?"

"तुम्हाले काहून माहीत नाही? अटॅकनं वारले ना ते! त्यांच्या मिसेसचा मले फोन आला. ऋजुता फोन उचलून नाही राहिली, जरा जाऊन पाहा म्हणे."

प्रणीत वळला तो दाराच्या चौकटीवर आपटला. स्वतःच्या घरात तो कधी कशावर आपटत नाही. चाचपडत बोळात आला, खाली बसला, माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. ओक्साबोक्शी रडत होता.

"मला का नाही सांगितलंस? ऋजुता, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"मी आहे ना गं," तो म्हणाला. "आहे मी."

नवरा खोटं बोलला असता तर मी त्याला सोडलं नसतं. पण तो खरंच विचारत होता. त्याने ऐकलंच नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य मी नवऱ्यासमोर उभी राहून बोलले आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायला खालच्या मजल्यावरचा माणूस लागला.

तेरावं झाल्यावर आम्ही श्रुतिवेगच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर सावजी म्हणून बाई होत्या, शांत, नीटनेटक्या. त्यांनी प्रणीतच्या डोक्याला तारा लावून मला बोलायला सांगितलं, मग खोब्रागडे काकांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, आणि पडदा माझ्याकडे फिरवला. काका बोलत होते तेव्हा रेघ शेवटपर्यंत वर-खाली होत होती. मी बोलत होते तेव्हा सुरुवातीला एक उसळी आणि मग सपाट.

"यांचे कान ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "पण दिवसातले दहा तास हे तुमच्या आवाजातली कापलेली वाक्यं ऐकतात. यंत्र नेमकी अशीच अक्षरं ठेवतं, की त्यांवरून रचलेलं वाक्य चुकूच शकत नाही. मेंदूला तीच सवय लागलीय. तुम्ही तोंड उघडलं की यांच्या मेंदूतलं वाक्य पूर्ण झालेलं असतं. तुम्ही पुढे जे बोलता ते त्याच्या लेखी ऐकून झालेलं. तो ते तपासून बघत नाही."

"म्हणजे माझ्या आवाजावर यांचा पूर्ण विश्वास आहे."

"पूर्ण."

"आणि माझ्यावर?"

"ते आमच्याकडे मोजत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. उपहास नव्हता त्यात. बाई खरोखर हळहळत होत्या.

मी म्हटलं, माझा आवाज काढून घ्या. त्या म्हणाल्या, प्रणीतची संमती लागेल. एकदा बसवलेला आवाज कायद्याने त्या माणसाच्या शरीराचा भाग धरला जातो. मध्यंतरी घटस्फोटात एका बाईने सूड म्हणून नवऱ्याकडून आपला आवाज काढून घेतला होता आणि तो बिचारा रातोरात निकामी झाला होता, तेव्हा हा नियम आला. नियम रास्तच होता. त्यासाठी निघालेल्या मोर्चात प्रणीतचा हात धरून मीही घसा फोडून घोषणा दिल्या होत्या.

"माझी संमती आहे," प्रणीत तिथल्या तिथे म्हणाला. "काढून टाका. आजच."

सांगितलं ना, तो दुष्ट नाही.

डॉक्टर म्हणाल्या, कायमचं काढण्याआधी काही दिवस पट्टीशिवाय राहून पाहा. प्रणीतने तो जुना डबा पुन्हा सुरू केला. त्यालाही आता तो झेपेना, अर्ध्या वेगावर आणावा लागला. कोळशाच्या खटल्याची सुनावणी तोंडावर आलेली. समोरच्या बाजूने मुद्दाम हजारो पानं नव्याने दाखल केली होती. प्रणीत सकाळपासून कपाळ हातांत धरून ऐकत बसायचा आणि संध्याकाळी एक कोपरा संपलेला असायचा. कंपनीतले दुसरे भागीदार सुचवायला लागले, तडजोड करून टाकू, मिळेल ते घेऊ. एके दिवशी गावाकडून पार्वताबाई नावाची म्हातारी घरीच आली. सोफ्यावर बसायला तयार नाही, दाराशीच टेकली.

"वाचले का जी सायेब आमचे कागद?"

"वाचतोय, मावशी," प्रणीत म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखते. फोनवर बसवायचे तेव्हा असाच असायचा.

म्हातारी गेल्यावर मी आत जाऊन पट्टी आणली आणि त्याच्या हातात दिली.

"घाल," मी म्हणाले.

हे मात्र त्याला पहिल्या अक्षरातच कळलं.

मग डॉक्टर सावजींनीच तोडगा काढला. गळपट्टी. रुद्राक्षाएवढा मणी गळ्याशी बसतो, तुमचा आवाज जागच्या जागी दाबतो आणि तेच शब्द दुसऱ्या आवाजात बाहेर सोडतो. "यांचा मेंदू अनोळखी आवाज नीट ऐकतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त अनोळखी व्हा." निवडायला डझनभर आवाज ठेवलेले होते, साड्यांच्या दुकानात ठेवतात तसे. मी एक खर्जातला, जरासा खरखरीत घेतला. कुणा बाईचा होता, देव जाणे.

पहिल्या संध्याकाळी मी तेच सांगितलं, जे रोज सांगते. शाळा, डबे, मोठ्या बाई. प्रणीतने चमचा खाली ठेवला.

"मग?" तो म्हणाला. "पुढे काय झालं?"

मला रडू फुटलं. त्या बाईच्या आवाजात रडणंही वेगळंच वाटलं, जास्त भारदस्त. प्रणीतने घाईघाईने विचारलं, "काय झालं? तुम्ही रडताय?" मग जीभ चावली. आम्ही दोघं खूप हसलो.

ते दिवस चांगले होते, हे नाकारून काय करू? तो ऑफिसातून लवकर यायला लागला. प्रश्न विचारायचा, वाद घालायचा, मी गप्प झाले की "बोल ना" म्हणायचा. मी भाजी निवडताना स्टूल ओढून शेजारी बसायचा. नवीन लग्न झालेल्या माणसासारखा वागत होता. मी सुखी होते, आणि सुखी असताना एक कुसळ टोचत होतं, ते कुठे टोचतंय हे मला कळत नव्हतं.

कळलं ते दादाच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी. मी दादाची आठवण सांगत होते. दहावीत मी गणिताच्या पेपरला घाबरून गच्चीवर लपून बसले होते, तर दादा रागावला नाही. वर येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "चल, दोघंही नापास होऊ." स्वतःचं कॉलेज बुडवून तो पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकापाशी उन्हात उभा राहिला. प्रणीत श्वास रोखून ऐकत होता.

"हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!"

"खूपदा सांगितलंय, प्रणीत. दादा गेला त्या आठवड्यात रोज सांगत होते."

मग त्याने हात पुढे करून माझ्या गळ्याशी असलेल्या मण्यावरून अंगठा फिरवला, फार मायेने.

"खरं सांगू? रागावू नको. मधली काही वर्षं तू फार कंटाळवाणी झाली होतीस. तेच तेच बोलायचीस. आता तुझ्याशी बोलायला इतकी मजा येते!"

"शब्द तेच आहेत."

"छे. तू बदललीस गं."

"हे काढून बोलू का थोडा वेळ? माझ्या आवाजात?"

"कशाला?" तो म्हणाला. "छान चाललंय की."

मला त्या बाईचा हेवा वाटला. सवत म्हणावं तर तिच्या तोंडात शब्द माझे. दुःख माझं, भाऊ माझा, आणि माया लाटते ती. आणि माझा आवाज? तो शेजारच्या खोलीत दिवसाचे दहा तास कोळशाच्या दाव्याचे कागद वाचत होता. घरात माझ्या दोन जागा होत्या आणि दोन्हींत मी नव्हते. राग कुणाचा करायचा? नवऱ्याचा, डॉक्टरांचा, पार्वताबाईचा? तिघांतल्या कुणीच माझं काही चोरलं नव्हतं. सगळं मीच हाताने दिलं होतं आणि तरी मला आतून जळत होतं.

निकालापर्यंत थांबले. निकाल गावांच्या बाजूने लागला. प्रणीतला लोकांनी खांद्यावर घेतलं, पार्वताबाईने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दोन दिवसांनी सकाळी मी बॅग भरली आणि त्याच्या खोलीच्या दारात गेले. त्याने गुंडी काढली, नेहमीसारखी. मी मणी काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

"प्रणीत, मी अमरावतीला वहिनीकडे चाललेय. कायमची. परत येणार नाही."

"हं. पोचलीस की फोन कर."

उत्तर अगदी बरोबर होतं. मी बॅग उचलली आणि निघाले.

पोचले, पण फोन केला नाही. वहिनीने काही विचारलं नाही. आठवड्याने तिच्या फोनवर प्रणीतचा फोन आला. तिने तो मोठ्याने लावला.

"वहिनी, ऋजुता कधी निघतेय म्हणाली? तिचा फोन लागत नाही. गळपट्टी पण इथेच विसरून गेलीय वेडी."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाशी धरला. सांगायचं खूप होतं, पण पहिलं अक्षर उच्चारलं की तो माझं वाक्य पुरं करणार आणि समाधानाने फोन ठेवणार, हे मला माहीत होतं. मी गप्प राहिले.

"हॅलो? ऋजुता, तू आहेस ना?"

मी बोलले नाही.

"काय झालं? बोल ना." मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास. "बोल गं. मी ऐकतोय."

आणि तो खरंच ऐकत होता. माझ्या गप्प राहण्यातलं पुढचं त्याला रचता येत नव्हतं. लग्नाच्या एवढ्या वर्षांत इतकं कान देऊन त्याने माझं काही ऐकलं नसेल. माझ्या घशाशी हुंदका आला. तोही गिळला, न जाणो, त्याचा अर्थही त्याला आधीच कळला असता.

मी फोन वहिनीच्या हातात परत दिला.

"तूच सांग त्याला," मी म्हणाले. "तुझं तो ऐकेल."